लॅटिनो मुलं, हिंसेचा मार आणि सावरणारी माणसं

सोनटक्का

परवा घरखरेदीच्या धाग्यावर 'ती शाळा नको, तिथे मेक्सिकन पोरं जास्त, गँगची भानगड असते' असा सल्ला वाचला. तो धागा भरकटवायचा नव्हता, म्हणून हा वेगळा काढतेय. मी लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या एका सरकारी शाळेत समुपदेशक आहे आणि माझ्याकडे येणारी जवळपास सगळी मुलं लॅटिनो आहेत. त्यांच्याबद्दल आपली मराठी मंडळी जे सहज बोलून जातात, त्यातलं बरंचसं ऐकीव असतं.

लॅटिनो म्हणजे ज्यांचं मूळ मेक्सिको, मध्य-दक्षिण अमेरिका किंवा कॅरिबियन बेटांत आहे ती माणसं (बाई असेल तर लॅटिना). हा एकसाची समाज नाही, हे आधी सांगते. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेत ६ कोटी २१ लाख लॅटिनो होते आणि देशातल्या दर चार मुलांमागे साधारण एक मूल त्यांच्यातलं. कुणाचे पूर्वज टेक्सास अमेरिकेत सामील होण्याच्या आधीपासून तिथे राहत होते. पोर्तो रिकोची माणसं जन्मानेच अमेरिकी नागरिक. आणि माझ्याच शाळेत एक मुलगा आहे, जो होंडुरासहून निघून ग्वाटेमाला, मेक्सिको ओलांडत मामाकडे पोचला. या सगळ्यांच्या वाट्याला येणारी हिंसाही सारखी नसते. कुणाच्या गल्लीत गोळीबार होतो. कुणी प्रवासात असं काही पाहिलेलं असतं की वर्षभर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. कुणाच्या घरातच मारहाण असते. आणि ज्या घरात अमेरिकेत राहायची कागदपत्रं नाहीत, तिथे दारावरच्या थापेची भीती असते. ती कुठल्याच पोलीस नोंदीत सापडत नाही.

आमच्याकडे सहावीत एक मुलगा होता. वर्गात तो कायम मागच्या भिंतीला पाठ लावून, दार दिसेल अशाच जागी बसायचा. वरून पोलिसांचं हेलिकॉप्टर गेलं (आमच्या भागात हे रोजचंच) की त्याची पेन्सिल थांबायची. आवाज लांब गेला तरी बराच वेळ त्याला फळ्यावरचं काही दिसत नसे. कुणी बाक जोरात सरकवलं की दोन्ही हात आपोआप डोक्यावर जायचे. शिक्षकांची तक्रार ठरलेली: लक्ष नसतं, हटकलं की अंगावर येतो. त्याच्या डोळ्यांदेखत चुलतभावाला गोळी लागली होती, हे शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

धोक्यात वाढलेल्या मुलाचं शरीर सतत सावध राहायला शिकतं. झोप तुटते, पोट दुखतं, राग पटकन येतो. रस्त्यावर याच सावधपणाने जीव वाचतो आणि वर्गात त्याचीच शिक्षा मिळते.

बालपणीच्या आघातांवरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास कॅलिफोर्नियातलाच. १९९५ ते १९९७ दरम्यान सॅन डिएगोत कैसर पर्मनंटे या आरोग्यसेवा संस्थेकडे येणाऱ्या १७,००० हून जास्त प्रौढांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं गेलं. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आंडा यांचे पहिले निष्कर्ष १९९८ मध्ये छापून आले. आघात जितके जास्त, तितकं पुढे हृदयविकाराचं, व्यसनाचं, नैराश्याचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. पण त्यात भाग घेतलेले बहुतेक लोक गोरे, शिकलेले, विमा असलेले होते आणि प्रश्न घराच्या चार भिंतींतले होते: मारहाण, दुर्लक्ष, घरातलं व्यसन, आईवडिलांचं वेगळं होणं. गल्लीतला गोळीबार किंवा वंशावरून होणारा अपमान त्या यादीत नव्हता. पुढे फिलाडेल्फियात ते प्रश्न वाढवले गेले. आमच्या मुलांना जुनी यादी दिली, तर त्यांचं अर्धं आयुष्य कोरंच राहतं.

त्यांना उपयोगी पडणारी एक पद्धत याच भागात तयार झाली, याचा मला फार अभिमान वाटतो. रँड ही संशोधन संस्था, यूसीएलए हे विद्यापीठ आणि लॉस एंजेलिसचा शाळा-जिल्हा (सरकारी शाळा चालवणारं मंडळ) यांनी ती मिळून बांधली. सहा ते आठ मुलांचा गट, दहा बैठका, त्याही शाळेच्या वेळेत, शाळेतच. २००३ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले. पूर्व लॉस एंजेलिसच्या दोन शाळांतली सहावीची १२६ मुलं होती. काहींना ही मदत लगेच दिली, बाकीच्यांना तीन महिन्यांनी, आणि कुणाला कधी हे दैवावर सोडलेलं. लगेच मदत मिळालेल्या मुलांची आघाताची लक्षणं आणि उदासी बरीच कमी झाली. पालकांनाही फरक दिसला. शिक्षकांना मात्र वर्गातल्या वागण्यात फारसा बदल जाणवला नाही, आणि मला हे अगदी खरं वाटतं. आत काय निवळलं ते बाहेर दिसायला वेळ लागतो.

बैठकीत काय करतो ते सांगते. आधी भीती कागदावर काढलेल्या तापमापीवर दाखवायला शिकवतो. मग ज्या गोष्टी मूल टाळतं त्यांच्या पायऱ्या मांडतो, सोप्यातली आधी. वर सांगितलेल्या मुलाची पहिली पायरी होती फोनवर हेलिकॉप्टरचा आवाज हळू लावून ऐकणं. शेवटची होती आजीबरोबर दिवसाउजेडी कोपऱ्यावरच्या दुकानात जाणं, जिथे तो त्या घटनेनंतर गेलाच नव्हता. जी जागा आजही खरोखर धोक्याची आहे, ती आम्ही पायरीत घेत नाही. तिथली भीती बरोबर आहे आणि ती मोडायचं काही कारण नाही.

इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. पुन्हा उभं राहायची ताकद काही मुलांत जन्मजात असते आणि काहींत नसते, असं मला दिसलेलं नाही. ज्यांच्या बाजूला कुणीतरी मोठं माणूस टिकून राहतं, ती सावरतात. हवाईच्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी पुढे अनेक दशकं मागोवा घेतला. जास्तीत जास्त हालअपेष्टांत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं कर्तीसवरती, समाधानी माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचं माणूस होतं: आजी, शेजारीण, शिक्षक, कुणीही.

तुमच्या गावातलं, शाळेतलं, दवाखान्यातलं चित्र वाचायला आवडेल.

करवंद

खूप चांगला धागा, सोनटक्का ताई. एक मनापासून विचारते, राग मानू नका. मी पुण्यात असते, मला तिथलं काही माहीत नाही. लॅटिनो लोक फार कुटुंबवत्सल असतात असं सगळीकडे वाचते. आजी-आजोबा, मामा-मावश्या, सगळा गोतावळा. मग मुलं गँगमध्ये जातातच कशी? आईवडिलांचं लक्ष कमी पडतं का?

सोनटक्का

करवंद, राग कसला? हा प्रश्न इथल्या शिक्षकांच्या खोलीतही रोज विचारला जातो.

बहुतांश लॅटिनो मुलं कुठल्याही गँगमध्ये नसतात. जी जातात, ती कुठल्या पोकळीत जातात ते बघा. ज्या एमएस-१३ चं नाव बातम्यांत येतं, ती टोळी १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्येच जन्मली. एल साल्वाडोरमध्ये १९८० ते १९९२ यादवी युद्ध चाललं. त्यातून जीव मुठीत धरून पळालेल्या कुटुंबांची पोरं इथे आली. युद्धात जे पाहिलं त्यावर कुणी औषधपाणी केलं नाही, शाळेत भाषा येत नव्हती, आणि आधीपासून असलेल्या टोळ्या त्यांना मारत होत्या. स्वतःला वाचवायला त्यांनी आपली टोळी केली. पुढे १९९६ च्या कायद्याने हद्दपारी सोपी झाली आणि या तरुणांना विमानं भरभरून परत पाठवलं गेलं. नुकताच युद्धातून उठलेला तो देश टोळ्यांच्या हातात गेला, आणि मग त्या टोळ्यांना घाबरून नवी पोरं उत्तरेकडे चालू लागली. माझा होंडुरासचा विद्यार्थी अशाच टोळ्यांच्या धमक्यांतून सुटून आलाय. त्यात त्याच्या आईचं लक्ष कुठे कमी पडलं?

आईवडिलांचं म्हणाल, तर बाप पहाटे चारला निघतो, आई रात्रपाळीला ऑफिसं झाडते. लक्ष असतं, वेळ नसतो. शिवाय मुलांना इंग्रजी पटकन येतं आणि आईवडिलांना येत नाही, तेव्हा घरातलं वजन उलटं होतं. बँकेचं पत्र, घरमालकाची नोटीस, डॉक्टरांनी आईला सांगितलेलं निदान, सगळं बारा वर्षांची पोरगी स्पॅनिशमध्ये समजावते. पालकसभेत स्वतःबद्दलची तक्रारही तीच आईला सांगते! दवाखान्यात लहान मुलांना दुभाषी म्हणून वापरायला केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमाने मनाई केली, अगदी तातडीचा प्रसंग सोडला तर. प्रत्यक्षात अजून सर्रास चालतं. या कामाने काही मुलं जबाबदार होतात, हेही मी पाहिलंय. पण आईची गाठ कर्करोगाची आहे हे तिला आपल्या तोंडाने सांगावं लागणं हे कुठल्याही मुलाच्या वाट्याला येऊ नये.

मायामीत विद्यापीठातल्या लोकांनी 'फमिलियास उनिदास' नावाचा कार्यक्रम उभा केला, तो यावरच बेतलेला. त्यात आधी पालकांनाच एकत्र बसवतात, स्पॅनिशमध्ये. इथली शाळा कशी चालते, कुणाला भेटायचं, पोराशी भांडण न होता बोलायचं कसं, हे ते एकमेकांकडून शिकतात. चाचण्यांत दिसलं की त्या घरांतल्या मुलांत व्यसनं आणि धोकादायक वागणूक कमी झाली. कुटुंब घट्ट असतंच. त्याला परक्या देशात हात-पाय फुटावे लागतात.

नदीकाठ

मी सॅन अँटोनियोत मुलांच्या विभागात परिचारिका आहे. इथून पश्चिमेला साधारण १३० किलोमीटरवर युव्हाल्डी. २४ मे २०२२ ला तिथल्या रॉब प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. पोलीस ७७ मिनिटं वर्गाबाहेर थांबले होते. गावात बहुसंख्य लोक मेक्सिकन वंशाचे. त्याआधी ३ ऑगस्ट २०१९ ला एल पासोच्या वॉलमार्टमध्ये एकाने लॅटिनो माणसं हेरून गोळ्या घातल्या, २३ जण गेले. म्हणजे आमच्या टेक्सासमधल्या या मुलांना शाळेतही धोका आणि सामान आणायला गेलं तरी धोका.

युव्हाल्डीची एक जुनी गोष्ट आमच्याकडच्या एका वयस्कर सहकारी बाईंनी सांगितली, ती इथे लिहायलाच हवी. १९७० मध्ये याच रॉब शाळेतल्या जॉर्ज गार्झा या मेक्सिकन-अमेरिकन शिक्षकाची नोकरी पुढे चालू ठेवायला शाळामंडळाने नकार दिला. मुलांनी शाळा सोडून बाहेर पडून निषेध केला आणि तो सुमारे सहा आठवडे चालला. त्यांच्या मागण्या काय होत्या? आपल्यातले शिक्षक हवेत, आपला इतिहास शिकवा, स्पॅनिश बोलल्याची शिक्षा बंद करा. त्या मुलांतले कित्येक आज त्याच गावात आजी-आजोबा आहेत. २०२२ नंतर ऑस्टिनच्या विधानभवनात जाऊन बंदुका घ्यायचं वय वाढवा म्हणून जी कुटुंबं उभी राहिली, त्यांच्या मागे ही पिढी होती. कायदा झाला नाही. तरी ते जात राहिले.

दवाखान्यातलं सांगायचं तर पोटदुखी, डोकेदुखी, अंथरूण ओलं होणं अशी मुलं येतात आणि सगळ्या तपासण्या चांगल्या निघतात. पूर्वी आम्ही 'काही नाही' म्हणून घरी पाठवायचो. आता घरात कुणाला काही झालंय का, हे विचारतो. आईला बाहेर थांबवून नाही, तिला बसवूनच विचारतो, कारण आई शेजारी असली की मूल जास्त बोलतं.

आणि हा मार पोटातल्या बाळालाही लागतो. १२ मे २००८ ला आयोवातल्या पोस्टव्हिल गावात मांस कारखान्यावर कागदपत्रं नसलेल्या कामगारांना पकडायला स्थलांतर खात्याची धाड पडली, ३८९ जणांना पकडलं. नंतर संशोधकांनी आयोवाच्या जन्मनोंदी तपासल्या. धाडीनंतरच्या काळात राज्यभरातल्या लॅटिना आयांना कमी वजनाचं बाळ होण्याचा धोका आधीच्या वर्षापेक्षा २४ टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेत जन्मलेल्या, नागरिक असलेल्या लॅटिना आयांतही. गोऱ्या आयांत तसं काही दिसलं नाही. हे वाचलं तेव्हापासून मी 'पण ते तर बेकायदा आहेत ना' हे वाक्य कुणाच्याही तोंडून ऐकून घेत नाही.

उत्तरायण

सगळं वाचलं. वाईट वाटतंच. पण एक प्रश्न उरतो. आपणही परक्या देशात आलो. आपल्या मुलांनाही रंगावरून ऐकावं लागतं, भाषा, डबा, नाव, सगळ्यावरून चिडवतात. तरी आपली मुलं शाळेत पुढे असतात. मग संस्कृतीचा, अभ्यासाच्या वळणाचा काही भाग आहे की नाही? सगळा दोष परिस्थितीवर टाकला की प्रयत्नाला जागा कुठे राहते?

शिंपला

उत्तरायण, मी न्यू जर्सीत राहते आणि तुमच्याशी सहमत नाही. आपण इथे आलो ते पदवी, नोकरीचं पत्र आणि व्हिसा घेऊन. अमेरिकेने आपल्यातली शिकलेली माणसं वेचून घेतली. युद्धातून पळालेल्या शेतमजुराच्या मुलाशी आपल्या मुलांची तुलना करणं न्याय्य नाही.

कागदपत्रांच्या भीतीचं म्हणाल, तर तिची थोडी झळ आपल्याही घरात आहे. आमची मोठी एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, वाढली. ग्रीन कार्डाची रांग संपेना, आणि २१ पूर्ण झाले की ती आमच्या अर्जातून बाहेर. अकरावीपासून तिची झोप उडाली होती. बारीकसं काही झालं तरी 'मला परत पाठवतील का' हे विचारायची. आमच्याकडे वकिलाला द्यायला पैसे होते, वैध व्हिसा होता, परत जायला पुण्यात घर होतं. यातलं काहीही नसलेल्या पोराचं काय होत असेल?

सोनटक्का

शिंपला, तुमच्या लेकीबद्दल वाचून पोटात तुटलं.

उत्तरायण, प्रयत्नाला जागा आहेच. या समाजाचा प्रयत्न आपल्याला दिसत नाही, एवढंच. १९६८ च्या मार्चमध्ये याच भागातल्या लिंकन, रूझवेल्ट, गारफील्ड, विल्सन आणि बेलमाँट हायस्कूलची हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. मागणी होती चांगल्या शिक्षणाची! आम्हाला फक्त सुतारकामाच्या नि शिवणाच्या वर्गात ढकलू नका, कॉलेजसाठी तयार करा. सॅल कास्त्रो हे शिक्षक त्यांच्या पाठीशी राहिले, त्यांना अटक झाली, नोकरी गेली आणि लोकांनी धरणं धरून ती परत मिळवून दिली. टेक्सासच्या टायलर गावात कागदपत्रं नसलेल्या मुलांकडून शाळा फी मागू लागली, तेव्हा काही मेक्सिकन कुटुंबं पकडले जाण्याचा धोका पत्करून कोर्टात गेली. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: कुठल्याही मुलाला सरकारी शाळेचं दार बंद करता येणार नाही. अभ्यासाचं वळण नसलेली माणसं हे करतात का?

आणि तेच दार आता भीतीने बंद होतंय. शाळा, चर्च, दवाखाने इथे स्थलांतर खात्याने शक्यतो अटक करायची नाही, हे धोरण २०२५ च्या जानेवारीत रद्द झालं. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतल्या पाच शाळा-जिल्ह्यांची हजेरी स्टॅनफर्डच्या थॉमस डी यांनी तपासली. तिथल्या धाडींनंतर जानेवारी-फेब्रुवारीत गैरहजेरी २२ टक्क्यांनी वाढली होती, सगळ्यात जास्त लहान वर्गांत. त्याच वर्षी जूनमध्ये आमच्या शहरात धाडी सुरू झाल्या तेव्हा आठवीच्या निरोप समारंभाला कित्येक आईवडील आलेच नाहीत. मोठ्या बहिणी फोनवर व्हिडिओ धरून उभ्या होत्या.

ताम्हण

शिकागोहून. मी राहतो उपनगरात, पण शनिवारी लिटल व्हिलेजमध्ये मुलांना गणित शिकवायला जातो. बातम्यांत या वस्तीचं नाव फक्त गोळीबारासाठी येतं. प्रत्यक्षात २६ व्या रस्त्याच्या कमानीखालून आत गेलात की दोन्ही बाजूंना बेकऱ्या, सोनाराची दुकानं, लग्नाचे आणि पंधराव्या वाढदिवसाचे झगे, कापलेला आंबा तिखट लावून विकणाऱ्या बायका. शहरातल्या सगळ्यात जास्त उलाढालीच्या बाजारपेठांत हिची गणना होते.

सोनटक्का यांनी १९६८ लिहिलं, त्याला जोडून. या वस्तीला नवं हायस्कूल द्यायचं कबूल झालं होतं. शहरातल्या दुसऱ्या भागांत निवडक मुलांसाठीच्या शाळा उभ्या राहिल्या आणि इथली जागा तशीच पडून राहिली. १३ मे २००१ ला, मदर्स डेच्या दिवशी, वस्तीतले १४ जण त्या मोकळ्या जागेवर तंबू टाकून उपोषणाला बसले. बहुतेक आया, काही आज्या. उपोषण १९ दिवस चाललं. शाळा २००५ मध्ये सुरू झाली. तिथे आज लिटल व्हिलेजची मेक्सिकन मुलं आणि शेजारच्या नॉर्थ लॉनडेलची कृष्णवर्णीय मुलं एका इमारतीत शिकतात. माझ्या शनिवारच्या मुलांतली एक त्याच शाळेत आहे आणि तिची आजी त्या तंबूत रोज जाऊन बसत असे. ही गोष्ट ती मुलगी ज्या तोऱ्यात सांगते ते ऐकायला हवं.

शिकागोतलाच 'बिकमिंग अ मॅन' हा कार्यक्रम काहींना माहीत असेल. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलग्यांचा गट, आठवड्यातून एक तास, शाळेतच. पहिल्याच दिवशी जोड्या लावतात. एकाच्या हातात चेंडू देतात आणि दुसऱ्याला सांगतात, तीस सेकंदांत काढून घे. झटापट, मुठी उघडायची ओढाताण, कधी कधी जमिनीवर लोळण. मग प्रमुख विचारतो, नुसता मागितला का नाहीस? 'त्याने दिलाच नसता', 'मला भित्रा समजला असता'. समोरच्याला विचारलं, तर तो म्हणतो, दिला असता की, चेंडूच तर आहे. शिकागो विद्यापीठाच्या दोन चाचण्यांत कार्यक्रम चालू असताना हिंसेच्या गुन्ह्यांतल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या. कार्यक्रम संपल्यावर मात्र अटकांवरचा तो परिणाम टिकला नाही. माझ्या मते यातून निष्कर्ष एकच निघतो. मोठं माणूस बाजूला असेपर्यंत मूल थांबून विचार करतं, त्यामुळे त्या माणसाला वर्षा-दोन वर्षांनी निधी संपला म्हणून काढून घेऊ नका.

शिंपला

मुलींबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. त्यांच्यावरचा ताण वेगळा असणार ना?

सोनटक्का

वेगळा आहे आणि तो लवकर दिसत नाही, कारण मुली दंगा करत नाहीत. १९९० च्या दशकापासून अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या सरकारी सर्वेक्षणांत अनेकदा लॅटिना मुलींमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलींपेक्षा जास्त आलंय. लुईस झायास या संशोधकांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं, न्यूयॉर्कमधल्या मुलींशी आणि त्यांच्या आयांशी बोलून. बऱ्याच घरांत चित्र एकच. धाकट्या भावंडांना सांभाळायचं, घरकाम करायचं, आईचं मन राखायचं, आणि बाहेर मैत्रिणी ज्या मोकळेपणाने वावरतात तो आपल्यालाही हवाय. एखाद्या संध्याकाळी आईशी कडाक्याचं भांडण होतं आणि मुलगी गोळ्या घेते. जिथे आई-मुलीत मन मोकळं करायची सवय होती, तिथे हे प्रयत्न कमी दिसले. म्हणून आईला दोषी ठरवून मुलीला तिच्यापासून सोडवायला जाणारा समुपदेशक इथे नुकसानच करतो.

न्यूयॉर्कमध्ये कोम्युनिलाइफ या संस्थेने २००८ मध्ये अशा मुलींसाठी 'लाइफ इज प्रेशियस' सुरू केलं. शाळा सुटल्यावर यायचं, चित्रं, संगीत, गृहपाठाला मदत, सोबत उपचार चालू, आणि आयांनाही बोलावणं. कुणाच्या आजूबाजूला अशी मुलगी असेल, भाषा कुठलीही असो, तर अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर चोवीस तास कुणीतरी असतं, स्पॅनिशमध्येही.

भटक्या

मी कामानिमित्त मेक्सिकोत, ग्वादलहाराला आहे. दोन गोष्टी इकडच्या बाजूने.

आईबाप हद्दपार झाले किंवा परतले म्हणून त्यांच्याबरोबर आलेली, अमेरिकेत जन्मलेली मुलं मेक्सिकोत काही लाखांच्या घरात आहेत. घरी स्पॅनिश बोलतात, पण लिहिता येत नाही. शाळेत 'ग्रिंगो' म्हणून चिडवतात. तिकडे मेक्सिकन म्हणून नकोसे, इकडे अमेरिकन म्हणून परके. आमच्या सोसायटीच्या राखणदाराचा मुलगा असाच शिकागोहून आलेला. तो माझ्याशी इंग्रजी बोलायला संध्याकाळी खाली थांबतो, बास्केटबॉलचे निकाल सांगतो. आणि इथल्या टोळ्यांच्या हातातल्या ज्या बंदुकांचा माग लागतो, त्यातल्या बहुतांश अमेरिकेतून आलेल्या असतात. ज्या हिंसेला घाबरून मुलं उत्तरेला जातात, तिची हत्यारं उत्तरेकडूनच येतात.

थोडं अवांतर, पण मराठी माणसांना आवडेल. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत आले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागले आणि १९२० च्या दशकात शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरांनी त्यांना मेक्सिको सिटीच्या शिक्षण मंत्रालयातल्या भित्तिचित्रात रंगवलंय. मी ते पाहून आलो. मेक्सिकन शेतकऱ्याच्या पोरांशी आपलं नातं एका धाग्यापुरतं नवं नाही.

उत्तरायण

शिंपला, व्हिसाचा मुद्दा मान्य. तुलना करताना तो माझ्या डोक्यात नव्हता. सोनटक्का, ताम्हण, एक व्यावहारिक शंका. जे आधीच टोळीत गेलेत, तुरुंगातून सुटून आलेत, त्यांचं काय? दहा बैठकांनी ते परत येतात का?

सोनटक्का

दहा बैठकांनी नाही. त्यांना आधी काम लागतं. आमच्याच भागातल्या बॉइल हाइट्समधल्या डोलोरेस मिशन या चर्चमध्ये १९८६ मध्ये ग्रेग बॉइल हे जेझुइट पाद्री आले, तेव्हा तिथली वस्ती शहरातल्या सर्वांत गरीब वस्त्यांपैकी एक होती आणि ते पोरांच्या अंत्यविधीमागून अंत्यविधी करत होते. १९८८ मध्ये त्यांनी आणि वस्तीतल्या बायकांनी मुलांसाठी नोकऱ्या शोधायला सुरुवात केली. १९९२ च्या दंगलीनंतर बेकरी काढली. तीच आजची होमबॉय इंडस्ट्रीज. तिथे एकेकाळी एकमेकांवर गोळ्या झाडलेले दोघे एकाच परातीत कणीक मळताना दिसतात. पगार मिळतो, समुपदेशन मिळतं, आणि चेहऱ्यावरचं, मानेवरचं टोळीचं गोंदण फुकट काढून देतात. ते लेझरने थोडं थोडं करून निघतं आणि प्रत्येक वेळी भाजल्यासारखं दुखतं. तरी पोरं रांगेत बसतात, कारण ते गोंदण घेऊन नोकरीची मुलाखत देता येत नाही आणि दुसऱ्या टोळीच्या गल्लीतून मुलीला शाळेत सोडता येत नाही. २०२४ मध्ये बॉइल यांना राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते देशाचं सर्वोच्च नागरी पदक मिळालं. इतकी वर्षं ते एकाच वस्तीला धरून राहिले, मला याचं मोल त्या पदकाहून जास्त वाटतं.

करवंद

माझ्या प्रश्नाचं इतकं सविस्तर उत्तर दिलंत, आभार. माझी बहीण सॅन होजेला असते. तिला आठवड्यातून दोन-तीन तास देता येतील, स्पॅनिश येत नाही. तिने काय करावं?

सोनटक्का

करवंद, बहिणीला सांगा, जवळच्या सरकारी शाळेत किंवा ग्रंथालयात गृहपाठाचा वर्ग चालतो का ते विचारायचं. स्पॅनिश नसली तरी गणित आणि इंग्रजी वाचन चालतं. बोटांचे ठसे आणि चौकशी होईल, त्याला महिनाभर लागतो.

फक्त वर्षभर येता येणार असेल तरच एखाद्या मुलाची जबाबदारी घ्या. मोठ्या माणसाची आणि मुलाची जोडी लावून देणाऱ्या कार्यक्रमांचा अभ्यास झालाय. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांत मुलांचा सगळ्यात जास्त फायदा झाला, आणि तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांत मुलांना स्वतःची किंमत आधीपेक्षा कमी वाटू लागली. यांच्यातल्या कित्येकांचे बाप, काका, भाऊ एका दिवसात गायब झालेले असतात. त्यात आणखी एकाची भर नको. वर्ष जमणार नसेल, तर पालकांच्या इंग्रजी वर्गात शिकवा किंवा सामान वाटपाला जा, तिथे माणसं बदलली तरी चालतं.

पहिल्या दिवशी मुलाला काही खोदून विचारू नका. कुठून आलास, कसा आलास, वडील कुठे असतात, यातलं काहीच नाही. ठरलेल्या वाराला, ठरलेल्या वेळी जा. येणं चुकणार असेल तर आधी कळवा. सांगायचं असेल ते मूल आपल्या वेळेने सांगतं, बहुतेकदा अपूर्णांक सोडवता सोडवता.